भोर-मांढरदेवी-वाई, रविवारची ग्रुप राईड: पैसे वसूल, पण शेपटाकडे लक्ष हवं

पुण्यातल्या एका मोटरसायकल क्लबची ही एक दिवसाची राईड. कात्रजहून निघून कापूरहोळ, भोर, अंबाडखिंड, मांढरदेवी, वाई, मेणवली आणि सुरूरवरून महामार्गाने परत. अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. शुल्क ७०० रुपये, त्यात नाश्ता, वाईतलं जेवण आणि मागून येणारा मेकॅनिक. पेट्रोल ज्याचं त्याने भरायचं. गाड्या २४ होत्या. बुलेट आणि क्लासिक जास्त, चार-पाच हिमालयन, काही ड्यूक, एक स्प्लेंडरसुद्धा.

ग्रुप राईड कशी झाली हे पुढच्या गाडीवाल्याला विचारू नये. त्याला रस्ता मोकळा असतो आणि वेग त्याच्या हातात असतो, त्यामुळे त्याची राईड नेहमीच छान होते. विचारायचं ते शेवटून दुसऱ्याला. या राईडला पुढून दहापैकी आठ गुण देता येतील, मागून मात्र सहाच.

मार्गाची निवड चांगली आहे. महामार्गाचा कंटाळवाणा भाग सकाळी लवकर उरकतो, कापूरहोळला डाव्या-उजव्या गर्दीतून सुटलं की भोरपर्यंत रस्ता नीरेच्या खोऱ्यातून सैल वळणं घेत जातो. खरा चढ भोर सोडल्यावर आंबाड्यानंतर सुरू होतो, म्हणजे टायर आणि माणूस दोन्ही गरम झाल्यावर. पहिल्या तासात घाट आणि शेवटच्या तासात घाट अशा राईड आखणाऱ्यांनी हे शिकावं. एक गोष्ट मात्र क्लबने अर्जातच लिहायला हवी: या पट्ट्यात रस्त्याचं काँक्रिटीकरण जिथे अर्धवट आहे, तिथे नवा काँक्रीटचा पट्टा आणि जुनं डांबर यांच्यात काही इंचांची पायरी असते. ती तिरकी चढायला गेलं की पुढचं चाक कडेला घासत राहतं आणि गाडी आडवी होते. शक्य तितक्या काटकोनात, हँडल सरळ ठेवून, थोडा थ्रॉटल देऊन चढायचं. ब्रीफिंगमध्ये हे सांगितलं गेलं नाही.

बाकी ब्रीफिंग नेटकं होतं. दहा मिनिटांत संपलं, हेही कौतुकाचं. महामार्गावर नागमोडी रांग: लीड, म्हणजे सगळ्यात पुढचा रायडर, लेनच्या उजव्या एक-तृतीयांश भागात, त्याच्यामागचा डाव्या भागात. तिरक्या समोरच्या गाडीपासून एक सेकंद, सरळ समोरच्या गाडीपासून दोन. घाट लागला, रस्ता अरुंद झाला किंवा खडी दिसली की लीड एक बोट वर करतो आणि सगळे एका रांगेत येतात. डाव्या बाजूच्या खड्ड्यासाठी डावा हात खाली, उजव्या बाजूच्या खड्ड्यासाठी उजवा पाय बाहेर, कारण उजवा हात थ्रॉटलवरून काढायचा नसतो. खुणा सातच शिकवल्या. पंचवीस खुणांचं पोस्टर वाटणाऱ्या क्लबांपेक्षा हे बरं. तितक्या कोणाच्या लक्षात राहत नाहीत.

चूक झाली ती गणितात. २४ गाड्या एकाच तुकडीत सोडल्या. ताशी ५० किलोमीटरला दोन सेकंद म्हणजे २८ मीटर. गाडीची लांबी धरून प्रत्येकी ३० मीटर लागतात. एका रांगेत ही वरात जवळजवळ ७०० मीटर लांब होते. भोरच्या बाजारात अशी रांग अखंड राहणं अशक्य. मध्ये टमटम घुसते, एसटी वळते, कोणीतरी बैल आडवा घालतं. मग मागचे बारा जण पुढच्यांना गाठायच्या घाईत भलत्या ठिकाणी ओव्हरटेक करतात. आठ-आठच्या तीन तुकड्या, प्रत्येकीला आपला लीड आणि आपला स्वीप, म्हणजे सगळ्यात शेवटी राहणारा रायडर, दोन तुकड्यांत पाच मिनिटांचं अंतर, असं केलं असतं तर एक तुकडी २१० मीटरमध्ये मावली असती.

शेपटाचा दुसरा त्रास स्पीडब्रेकरांचा, आणि तो आठांच्या तुकडीलाही चुकत नाही. गावाच्या तोंडाशी ब्रेकर येतो, प्रत्येक जण पुढच्यापेक्षा साधारण एक सेकंद जास्त घेतो. आठव्या गाडीपर्यंत सात सेकंदांची तूट साचते. लीडने ब्रेकर ओलांडताच ६० धरले, तर आठवा माणूस शंभर मीटरहून जास्त मागे पडलेला असतो. ती शंभर मीटर भरून काढायला त्याला ७० च्या वेगाने निदान ३६ सेकंद चालवावं लागतं, तेही गावाच्या हद्दीत. पुढच्या ब्रेकरला पुन्हा तेच. म्हणून नवखे मागे आणि सराईत पुढे ही रचना उलटी आहे. नवख्याला सगळ्यात वेगात चालवायला लावणारी जागा म्हणजे शेपूट. नवखे आणि कमी सीसीच्या गाड्या लीडच्या लगेच मागे हव्यात. इथे स्प्लेंडर सोळाव्या क्रमांकावर होती. लीडनेही ब्रेकरनंतर अर्धा किलोमीटर चाळिशीतच राहायला हवं, आरशात आपल्या तुकडीची शेवटची गाडी दिसेपर्यंत.

वळणांवर माणूस ठेवायची पद्धत मात्र या क्लबने उत्तम बसवली आहे. चौक आला की लीड बोटाने जागा दाखवतो, त्याच्या मागचा पहिला रायडर तिथे सुरक्षित कडेला थांबतो, वळायची दिशा दाखवत राहतो आणि स्वीप दिसल्यावर त्याच्या पुढे रांगेत शिरतो. त्याच्यामुळे कोणाला मॅप बघावा लागत नाही. ही पद्धत मोडते दोनच कारणांनी: उभा राहिलेला कंटाळून आधीच निघतो, किंवा स्वीप ओळखूच येत नाही. इथे स्वीपच्या अंगावर पोपटी चमकतं जॅकेट आणि दिवसाही चालू ठेवलेले दोन फॉग लॅम्प होते. कापूरहोळ, भोरचा चौपाटी नाका, वाईचा प्रवेश, सगळीकडे माणूस जागेवर होता. लीड आणि स्वीप यांच्यात मेश इंटरकॉम, म्हणजे हेल्मेटमधून बिनतारी बोलायची सोय होती, पण खिंडीच्या दोन्ही बाजूंना डोंगर आडवा आला की ती तुटते. माणूस तुटत नाही.

अंबाडखिंडीचा चढ. इथे दोन गोष्टी बिघडतात. एक, डावीकडे वळणाऱ्या हेअरपिन वळणात रायडर तिसऱ्या गिअरमध्ये शिरतो, इंजिन गुदमरतं, गाडी बंद पडते. वळणाच्या आतल्या बाजूला रस्ता खाली उतरलेला असतो, डावा पाय जमिनीपर्यंत पोचत नाही आणि १९५ किलोची गाडी सावकाश आडवी होते. उपाय सोपा: वळणाच्या आधी सरळ रस्त्यावरच दुसरा, गरज पडली तर पहिला, वळण आपल्याच लेनच्या बाहेरच्या कडेने घ्या, नजर समोरच्याच्या टेललाईटवर न ठेवता वळणाच्या बाहेर पडण्याच्या टोकावर. दुसरी गोष्ट उजव्या वळणांची. चाकं आपल्या लेनमध्ये असली तरी झुकलेलं डोकं आणि खांदा मधल्या रेषेपलीकडे जातात, आणि समोरून मांढरदेवीहून उतरणारी जीप त्याच रेषेवर असते. उजव्या वळणात चाक रेषेपासून निदान एक मीटर आत ठेवायचं. क्लबचे मार्शल हे सांगत होते, पण वळणावर उभं राहून हातवारे करून. त्या क्षणी रायडरला वळण बघायचं असतं, मार्शल नाही.

वाईकडचा उतार जास्त शिकवतो. उतरताना मागचा ब्रेक दाबून धरणारे तीन-चार जण प्रत्येक राईडमध्ये असतात. ब्रेक ऑईल जुनं असेल तर ते पाणी धरतं. डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑईलचा उत्कलनांक नवं असताना किमान २३० अंश, पाणी शोषल्यावर किमान १५५. उतारावर ते उकळलं की लाईनमध्ये वाफ होते आणि पॅडल स्पंजासारखं आत जातं. दर दोन वर्षांनी ऑईल बदला, उतार दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, ब्रेक वळणाआधी दाबून सोडा. पॅडल मऊ लागलं तर कडेला थांबून पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या. डिस्कवर पाणी ओतायचं नाही.

मेकॅनिकच्या पिशवीचं परीक्षण वेगळं करावं असं आहे. ट्यूबलेसचं पंक्चर किट, बॅटरीवर चालणारा पंप, १०, १२, १४ चे पाने, केबल टाय, एम-सील, क्लच केबल, चेनची मास्टर लिंक, सगळं नीट लावलेलं. पण ट्यूब एकच, १८ इंची. क्लासिक ३५० च्या स्पोकच्या गाडीला ती मागे चालते, पुढे १९ लागते. हिमालयनला पुढे २१ आणि मागे १७. अर्जात प्रत्येकाच्या गाडीचं मॉडेल लिहून घेतलंच होतं, मग त्यावरून ट्यूबची यादी करायला काय हरकत होती? तोवर स्पोकच्या गाडीवाल्यांनी आपली पुढची-मागची ट्यूब स्वतःच जवळ ठेवावी. मेकॅनिक बसवून देतो.

प्रथमोपचार पेटी होती, पण ती लीडकडे. पडणारा मागे पडतो, पेटी स्वीपकडे हवी. १०८ आणि ११२ हे क्रमांक ब्रीफिंगमध्ये दोनदा सांगितले, महामार्गाचा १०३३ राहिला. पडलेल्याचं हेल्मेट ओढून काढू नका, हेही सांगायला हवं होतं.

वेळापत्रक कागदावर सहाचं, निघाले पावणेसातला. कारण तेच: चार जण टाकी न भरता आले. क्लासिकची टाकी १३ लिटरची, लिटरला ३० धरले तरी ३९० किलोमीटर जाते, स्प्लेंडरची ९.८ लिटरची त्याहून पुढे. आदल्या रात्री टाकी भरली तर दिवसभरात पंपावर थांबायचं कारणच नाही. चेनचा ताण आणि हवा हीसुद्धा रात्रीचीच कामं. हवा थंड टायरमध्ये मोजायची, आकडा गाडीवरच्या स्टिकरवरचा.

थांब्यांत इंगवलीचा नेकलेस पॉइंट सगळ्यांना आवडतो, नदीचा तो वळसा आहेच तसा. पण चोवीस गाड्या रस्त्याच्या कडेला एका ओळीत उभ्या करणं म्हणजे अर्धा रस्ता अडवणं. शिवाय मऊ मातीत साईड स्टँड रुततो. स्टँडखाली चपटा दगड किंवा दाबलेली बाटली ठेवावी. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट, घाटावर वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा. त्यासाठी दिलेली वीस मिनिटं अगदीच कमी. वाईच्या ढोल्या गणपतीजवळ गर्दीत तासभर घालवण्यापेक्षा ती वेळ इथे द्यावी. जेवण साधी थाळी, गरम, पोटभर. त्यानंतर लगेच महामार्ग हे मात्र चुकीचं, डोळे मिटतात. अर्धा तास बसू द्यायला हवं होतं.

परतीत क्लबने सुरूरलाच राईड संपल्याचं जाहीर केलं, आणि इथे सर्वांत जास्त गुण कापले. दमलेले लोक, रविवारची संध्याकाळ, पश्चिमेचं ऊन डोळ्यांवर आणि दिवसातला सर्वांत वेगवान रस्ता. खंबाटकीच्या बोगद्यात काळा व्हायझर घालून शिरलं की पहिले काही सेकंद काहीच दिसत नाही. पारदर्शक व्हायझर जवळ हवा. ऊसतोडीच्या हंगामात रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या असतात. सर्वांत वाईट म्हणजे नव्या कात्रज बोगद्यानंतरचा नवले पुलाकडचा उतार. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये तिथे एका अवजड वाहनाने कित्येक गाड्यांना धडक दिली होती. ज्यांना स्वारगेटकडे जायचं आहे त्यांनी शिंदेवाडीहून जुन्या कात्रज घाटाने यावं, वेळ थोडा जास्त लागतो. क्लबने शिंदेवाडी हेच ठिकाण ठरवून तिथे शेवटची मोजणी करावी.

अर्जावर ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ अशी सही घेतात. त्याने तुमचा विमा बदलत नाही, पण शर्यत किंवा वेगाच्या चाचणीत झालेलं नुकसान पॉलिसी भरत नाही, म्हणून कोणी ‘घाटात टायमिंग बघू’ म्हणालं तर मागे राहा. भाड्याची गाडी आणणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. मित्राकडून पैसे देऊन घेतलेल्या पांढऱ्या पाटीच्या गाडीवर दावा अडकतो.

सहा महिने गाडी चालवलेल्याने ही राईड खुशाल करावी. फक्त नाव नोंदवतानाच लीडच्या मागची जागा मागून घ्यावी. नोव्हेंबरात भोरकडे सकाळी धुकं आणि रस्त्यावर पसरलेलं भात असतं, डिसेंबर-फेब्रुवारी उत्तम. पौष पौर्णिमेच्या आसपास मात्र मांढरदेवीला काळुबाईची यात्रा असते. त्या रविवारची तारीख क्लबने लावली असेल तर पैसे परत मागा आणि पुढची तारीख घ्या.