घरपट्टीच्या त्या तीन पावत्या

२०२२ ते २०२४ या काळात घरपट्टीचं काम करून देतो म्हणून एका माणसाने माझ्याकडून २१,३०० रुपये नेले. महापालिकेच्या दप्तरी त्यातला एक रुपयाही जमा झाला नाही आणि माझ्या वडिलांच्या घरावर ७४ हजारांहून जास्त थकबाकी चढली. हे सगळं लिहायचं कारण म्हणजे गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी मला अडवून विचारलं, "अगं, एक जण घरपट्टी कमी करून देतो म्हणतोय, पैसे द्यावेत का?" त्यांनी केलेलं वर्णन हुबेहूब त्याचंच होतं.

आमचं शहर मराठवाड्यातलं. महापालिका झाली तरी लोक अजून नगरपालिकाच म्हणतात. वडील शिंपी होते. घराच्या दर्शनी खोलीला शटर लावून त्यांनी पंचवीसेक वर्षं तिथे मशीन चालवलं. डोळ्यांनी साथ सोडल्यावर काम बंद झालं, शटर मात्र तसंच राहिलं. ते २०२० मध्ये गेले. पुढच्याच वर्षी फेरमूल्यांकनासाठी खासगी एजन्सीची मुलं गल्लीत आली. आम्ही घरी नव्हतो. त्यांनी बाहेरून फोटो काढला, शटर दिसलं म्हणून दुकान धरलं आणि ३,८४० रुपयांची घरपट्टी १४,२६० वर गेली. त्या खोलीत आता गाद्या, धान्याची कोठी आणि आईची खाट आहे.

नोटिशीवर हरकतीसाठी २१ दिवसांची मुदत छापलेली होती. मी मुदतीत अर्ज दिला, पण पोच घेतली नाही. खिडकीवरच्या माणसाने अर्ज घेतला, "साहेबांना दाखवतो" म्हणाला आणि ट्रेमध्ये टाकला. पुढे प्रत्येक हेलपाट्यात मला हेच भोवलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, वर्षाला १२ किरकोळ रजा मिळतात. त्यातल्या ५ रजा त्या कार्यालयात गेल्या. कधी साहेब मीटिंगला, कधी वसुलीला, कधी सर्व्हर बंद. एकदा तर दीड तास बाकावर बसवून सांगितलं की तुमचा अर्जच सापडत नाही, परत द्या. तोवर २१ दिवस उलटून गेले होते. त्या दिवशी मी जिन्यात येऊन रडले. शाळेत चाळीस पोरं सांभाळणारी बाई मी, पण तिथे माझं काही चालत नव्हतं.

खाली झेरॉक्सच्या दुकानाशी तो उभा होता. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, काखेत रबर लावलेली फाइल. "ताई, शटरवालं प्रकरण ना तुमचं?" त्याने मालमत्ता क्रमांकही बरोबर सांगितला. खरं तर मी तिथेच सावध व्हायला हवं होतं. माझा क्रमांक मी वरच्या खिडकीखेरीज कुठेच सांगितला नव्हता. पण पाच रजा घालवलेल्या माणसाला त्या क्षणी एवढंच वाटतं की आपलं गाऱ्हाणं कुणाला तरी ठाऊक आहे. तो एका शब्दानेही घाई करत नव्हता. वडिलांबद्दल विचारलं, आईच्या तब्येतीचं विचारलं. म्हणाला, "तुम्ही शाळा बुडवू नका, मी रोज इथेच असतो."

९,००० रुपये ठरले. तीन आठवड्यांनी तो घरी आला आणि 'फेरआकारणी आदेश' देऊन गेला. त्यावर जावक क्रमांक, तारीख, गोल शिक्का आणि सही होती, आणि घरपट्टी ४,१०० रुपये केल्याचं लिहिलं होतं. आईने तो कागद देवघरात ठेवला. त्या वर्षाचे ४,१०० त्याने तिथल्या तिथे रोख घेतले आणि चार दिवसांनी पावती आणून दिली. पुढची दोन वर्षंही तसंच झालं. बिल यायचं ते १४,२६० चं आणि त्यावर मागची बाकी व शास्ती, म्हणजे उशिराचा दंड, चढलेली. मी फोन केला की तो यायचा. "सिस्टीममध्ये जुनीच नोंद आहे, दुरुस्तीला वेळ लागतो, हे बिल माझ्याकडे द्या," असं म्हणून बिलच घेऊन जायचा. नंतर लक्षात आलं, त्याच्या दृष्टीने घरात राहू नये असा कागद तोच होता.

सप्टेंबर २०२४ मध्ये घर आईच्या नावावर करायचं म्हणून मी थकबाकी नसल्याचा दाखला मागायला गेले. कॉम्प्युटरवर चार वर्षांची पूर्ण घरपट्टी आणि शास्ती मिळून ७४,१४० रुपये बाकी दिसली. मी तिन्ही पावत्या टेबलावर मांडल्या. त्या दिवशी तिथे नवीन बदलून आलेली एक लिपिक मुलगी होती. तिने पावत्या एकाखाली एक लावल्या आणि वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिन्हींवर पुस्तक क्रमांक एकच होता आणि पावती क्रमांक ४१, ४२, ४३. तीन वेगवेगळी आर्थिक वर्षं, आणि एवढ्या काळात त्या पुस्तकातून फाडल्या गेल्या त्या फक्त माझ्याच पावत्या. ती हळूच म्हणाली, "मॅडम, हाताने लिहिलेली पावती आपण आता देतच नाही." माझ्या हातापायातलं बळच गेलं.

शास्तीचा हिशेब लोकांना माहीत नसतो, मलाही नव्हता. मुदतीत न भरलेल्या करावर महिन्याला २ टक्के शास्ती लागते. वर्षाला २४ टक्के, म्हणजे कुठल्याही बँकेच्या गृहकर्जापेक्षा कितीतरी जास्त. आणि महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १४१ प्रमाणे या कराचा पहिला बोजा मिळकतीवरच असतो. मालक वारला, घर विकलं, तरी बाकी घराला चिकटलेली राहते. म्हणून जुनं घर घेणाऱ्यांनी विकणाऱ्याने दाखवलेल्या पावतीवर जाऊ नये, मालमत्ता क्रमांक टाकून बाकी स्वतः बघावी.

पोलीस ठाण्यात आधी नुसता तक्रार अर्ज ठेवून घेतला. "पैसे तुम्हीच दिलेत ना?" हा प्रश्न मला तीन वेळा विचारला गेला. मग एका वकील मैत्रिणीच्या सांगण्यावरून मी माहिती अधिकारात अर्ज टाकला. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं आणि त्या तारखेच्या जावक नोंदवहीच्या पानाची व पावती पुस्तकाच्या नोंदीची साक्षांकित प्रत मागितली. उत्तर वेळेत आलं. माझ्या 'आदेशा'वरचा जावक क्रमांक त्या दिवशी गटारीच्या तक्रारीवरील एका पत्राला दिलेला होता. त्या क्रमांकाचं पावती पुस्तक कार्यालयाने कधी छापलेलंच नव्हतं. ही दोन पानं हातात आल्यावर पोलिसांची भाषा बदलली. सगळा प्रकार १ जुलै २०२४ च्या आधीचा, त्यामुळे गुन्हा जुन्या भारतीय दंड संहितेखाली, फसवणूक आणि बनावट कागदपत्रांच्या कलमांनी दाखल झाला. त्याचा फोन तेव्हापासून बंद आहे. झेरॉक्सवाला म्हणतो, तो कोण ते मला ठाऊक नाही.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो एका गोष्टीचा. तो माणूस मला विकत होता ती सवलत नव्हतीच. वरच्या मजल्यावर जे मिळत नव्हतं तेच तो विकत होता: कुणीतरी ऐकून घेणं, तारीख सांगणं, त्या तारखेला येणं. कार्यालयाने पहिल्याच दिवशी माझ्या अर्जावर पोच दिली असती आणि एक माणूस घर बघायला पाठवला असता, तर त्याचं दुकान चाललंच नसतं. माझी बहीण पुण्यात असते. तिथे स्वतः राहणाऱ्या घरमालकांची ४० टक्के सवलत २०१९ पासून गेली होती, ती २०२३ मध्ये परत मिळाली तेव्हा तिने २५ रुपयांचा पीटी-३ अर्ज, सोसायटीचं पत्र आणि गॅसचं कार्ड नेऊन स्वतः दिलं. पोच घेऊन आली. तिलाही दोन चकरा पडल्याच, पण मधे कुणी शिरलं नाही.

काकूंना मी जे सांगितलं तेच इथे सांगते. हरकत आणि भरणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाद चालू असला तरी 'हरकत राखून भरणा' असं लेखी देऊन कर भरता येतो, शास्ती थांबते. रोख द्यायचीच असेल तर फक्त खिडकीवर, आणि कॉम्प्युटरची पावती हातात आल्याशिवाय तिथून हलायचं नाही. भरल्यावर दोन-चार दिवसांनी आपल्या क्रमांकावर बाकी शून्य झाली का ते महापालिकेच्या साइटवर बघायचं. स्वतःला जमत नसेल तर नातवाला बसवायचं. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय घरी यायचं नाही. ते देत नसतील तर अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवायचा. नाव बदलणं, थकबाकीचा दाखला अशा कामांना लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली ठरलेली मुदत आहे, ती उलटली की अपील करता येतं. आणि आतला कुणी पैसे मागत असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. काकूंनी तो पंचांगाच्या मागे लिहून घेतला.

डिसेंबर २०२४ च्या लोकअदालतीत माझ्या शास्तीत सूट मिळाली, मूळ कर पूर्ण भरावा लागला. त्यासाठी आईची एक पाटली मोडली. मी पुन्हा अर्ज दिला, या वेळी पोच घेऊन. फेब्रुवारीत एक कनिष्ठ अभियंता टेप घेऊन घरी आले. शटर वर केलं, आत आईची खाट बघितली, कोपऱ्यात झाकून ठेवलेल्या वडिलांच्या मशीनचा फोटो काढला आणि विचारलं, "हे चालू आहे का?" आईने कापड बाजूला केलं. चाकाचा पट्टा कधीच तुटून गेला होता. त्यांनी कागदावर 'निवासी' लिहिलं. अख्ख्या पाहणीला अकरा मिनिटं लागली.

दुरुस्ती चालू वर्षापासूनच लागू झाली. मागच्या चार वर्षांच्या फरकासाठी मी वेगळा अर्ज दिला आहे. त्याचा आवक क्रमांक माझ्या पर्समध्ये असतो.