लोडरचे पिन-बुश वाचवायचे तर: आधी गन ठरवा, मग ग्रीस

द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडे शेणखताचे ढीग हलायला लागतात आणि लोडर दिवसाला सहा-सात तास चालतो. पिन-बुश, म्हणजे सांध्यातला दांडा आणि त्याभोवतीचं कडं, झिजतात ते याच दिवसांत, आणि ग्रीस मारायला सवड नसते तीही याच दिवसांत. नवा लोडर घेतलेली मंडळी विचारतात, ग्रीस कोणतं घेऊ? मी म्हणतो, आधी ग्रीस मारायची गन ठरवा. मध्यम प्रतीचं ग्रीस रोज सगळ्या निप्पलांत (सांध्यात ग्रीस शिरायच्या छोट्या झडपांत) गेलं तर सांधे टिकतात. महागडं ग्रीस दोन निप्पलं सोडून मारलं तर तेच दोन सांधे ऐन कामात लोडर उभा करतात.

माझ्या लोडरला १४ निप्पल आहेत. त्यातलं एक बकेटच्या मागे आडव्या पाइपाला खेटून बसवलंय, सरळ नळीची गन तिथे शिरतच नाही. पहिल्या वर्षी ते रोज सुटत गेलं आणि मीही वाकून पाहिलं नाही. पिन बाहेर काढली तेव्हा खालच्या अंगाला नख अडकेल एवढी खाच पडली होती, वरचं अंग मात्र नव्यासारखं. म्हणजे ग्रीस नसताना भार येतो तीच बाजू झिजली होती.

दट्ट्याची हातगन आणि बॅटरीची गन, दोन्ही मी वापरल्या आहेत. हातगनला लवचिक नळी आणि निप्पल घट्ट धरणारं तोंड लावलं की घरच्या एका लोडरला ती पुरते. तिचा मोठा गुण असा की अडलेलं निप्पल हाताला कळतं. दट्ट्या कडक झाला की समजायचं, आत वाट बंद आहे. निप्पल काढून डिझेलमध्ये धुवायचं, आतली गोळी दबत नसेल तर सरळ नवं बसवायचं. बॅटरीच्या गनमध्ये ही जाणीव राहत नाही, आणि सांध्याला धुळीचं सील असेल तर जास्त दाबाने ते बाहेर पडू शकतं. पण लोडर भाड्याने दिवसभर फिरत असेल, चालक एकटा असेल, तर बॅटरीची गनच घ्या. दमलेल्या माणसाकडून संध्याकाळी १४ ठिकाणी दट्ट्या मारून घेणं अवघड, बटण दाबणं सोपं. एक गोष्ट दोन्हींना लागू आहे. बादलीतून हाताने ग्रीस भरताना खळ्यातली धूळही आत जाते, म्हणून जमेल तिथे ४०० ग्रॅमचं बंद कार्ट्रिज वापरा. एका दट्ट्याला साधारण १ ग्रॅम धरलं आणि प्रत्येक निप्पलला पाच दट्टे मारले, तर रोज ७० ग्रॅम लागतं. एक कार्ट्रिज पाच-सहा दिवस जातं.

आता ग्रीस. दुकानदार तापमानाचे आकडे सांगतो: कॅल्शियमचं साधं चॅसिस ग्रीस १०० अंशांच्या आसपास वितळतं, लिथियमचं १८० च्या पुढे. आकडे बरोबर आहेत, पण लोडरची पिन हळू फिरते, तेवढी तापतच नाही. तिला सोसावा लागतो तो दाब, पाणी आणि माती. पाण्याला चॅसिस ग्रीस चांगलं तोंड देतं, मात्र त्यात जास्त दाबाला टिकणारा ईपी घटक बहुधा नसतो. भरलेली बकेट उचलताना ते पिन-बुशमधून पिळून निघतं. लिथियमचं ईपी-२ (२ हा ग्रीसच्या घट्टपणाचा क्रमांक) हा माझ्या मते सरळ निर्णय. शेणखत, काळी माती, कांद्याच्या गोण्या, सगळ्याला चालतं. मुरूम खणायचा असेल, रोज बकेट आपटत असेल, तर मॉलीचं (मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेलं) घ्या. ३ ते ५ टक्के मॉलीचा थर ग्रीस पिळून निघालं तरी धातूवर राहतो. तेच ग्रीस चाकाच्या वेगाने फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये मात्र घालू नका. आणि प्रकार बदलायचा तर जुनं पूर्ण बाहेर येईपर्यंत नवं मारा, सगळीच ग्रीसं एकमेकांशी जुळत नाहीत.

सकाळी की संध्याकाळी? मी संध्याकाळीच मारतो. सांधा कोमट असतो, ग्रीस सहज शिरतं आणि दिवसभरातली ओल रात्र पडायच्या आत बाहेर निघते. निफाडच्या डिसेंबरातल्या पहाटे तर हातगनमधलं ग्रीस हलायलाच तयार नसतं. आधी बकेट जमिनीवर सपाट टेकवायची, म्हणजे पिनवरचा भार उतरतो. निप्पल फडक्याने पुसायचं. ही पायरी कुणी सोडू नये, नाहीतर निप्पलवरची माती आपणच आत ढकलतो. मग दट्टे. सुरुवातीला कडेने काळं, बोटांत चोळलं तर करकरणारं ग्रीस येतं, नंतर स्वच्छ येऊ लागतं. तिथे थांबा. नंतर बकेट एकदा मागे-पुढे कलवून पुन्हा टेकवा आणि दोन दट्टे आणखी मारा. उचललेल्या बूमखाली (बकेट उचलणाऱ्या हातांखाली) टेकू दिल्याशिवाय कुणीही शिरायचं नाही. साधारण ८ ते १० तास कामाला एकदा हे करायचं. पंपाने लोडर धुतला तर त्या दिवशी तास मोजू नका, धुऊन झालं की लगेच मारा.

ग्रीसने न भागणारी एक जागा आहे, पिनचा लॉक बोल्ट. तो तुटला की पिन बुशऐवजी बूमच्या भोकात फिरते आणि भोक अंडाकृती होतं. म्हणून महिन्यातून एकदा बकेट टेकवून सांध्यात पहार घालून हलवून पाहा. बकेटच्या पिनपासून बकेट कलवणाऱ्या जॅकची पिन २५ सेंटीमीटरवर आणि बकेटची धार ७५ सेंटीमीटरवर असेल, तर जॅकच्या पिनजवळची १ मिलिमीटर ढिलाई धारेवर ३ मिलिमीटर होते. नुसता बुश ढिला असेल तर नवा बसवा, तो पिनपेक्षा मऊ हवा, म्हणजे झिजायचं ते स्वस्तातलं झिजेल. भोकच गेलं असेल तर नवा बुश ठोकून पैसे घालवू नका. नाशिकच्या सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या लेथवाल्याकडे वेल्डिंग करून दोन्ही बाजूंची भोकं एका रेषेत बोअर करून घ्या, मगच बुश बसवा.