बॉनेटचे कॅच: वस्तू दणकट, सोबतचा कागद रद्दीत

सहा महिने झाले गाडीला हे कॅच, म्हणजे बॉनेट घट्ट बंद धरणारे खटके, लावून. बटण दाबलं की खटका वर उचलला जातो आणि बंद केला की पत्र्याच्या पातळीत सपाट बसतो, त्या प्रकारचे. जोडी लावायला मला दोन रविवार लागले. त्यातला एक रविवार निव्वळ माझ्या चुकीने गेला, तेही सांगते.

कॅच का घेतले? माझ्या गाडीचं बॉनेट काचेच्या बाजूला बिजागरीवर आहे, म्हणजे समोरून उघडतं. हायवेवर वेग वाढला की त्याची पुढची कड थरथरताना दिसायची. मूळ कुलूप झिजलेलं होतं. समोरून उघडणारं बॉनेट धावत्या गाडीत सुटलं तर वारा त्याला सरळ काचेवर आपटतो, आणि हे चित्र एकदा डोक्यात बसलं की ती थरथर बघवत नाही.

वस्तू हातात घेतल्यावर पहिलं मत चांगलंच झालं. खटक्याला लूज खेळ नाही, स्प्रिंग कडक, किल्लीचं कुलूप दोन्हींना एकाच किल्लीचं. यंत्रणा साधी आहे: कॅच बॉनेटच्या पत्र्यात बसतो आणि बॉनेटखालच्या गाडीच्या आडव्या पट्टीवर एक जाड पिन उभी करायची. तिच्या टोकाजवळ आरपार भोक असतं. बॉनेट खाली आलं की पिन कॅचच्या तोंडात शिरते आणि खटका दाबला की आतली आडवी कांडी त्या भोकातून पलीकडे जाते. ओढून बघा, हलत नाही.

सोबतचा कागद मात्र ज्याने लिहिला त्याने घरातल्या गाडीचं बॉनेट कधी उलटं करून पाहिलेलं नसावं. चित्रात एकच पातळ पत्रा आहे. फायबरच्या किंवा कार्बनच्या बॉनेटला ते चालेल. कारखान्यातून येणारं लोखंडी बॉनेट दुहेरी असतं: वर गुळगुळीत पत्रा, खाली ताकदीसाठी दाबून घडवलेला सांगाडा, मध्ये पोकळी. कॅचचा पोटाचा भाग त्या पोकळीत मावत नाही, म्हणून खालच्या सांगाड्यात वरच्यापेक्षा बरंच मोठं तोंड कापावं लागतं. कागदात याबद्दल चकार शब्द नाही. हे तोंड सांगाड्याच्या मुख्य उंचवट्यावर येऊ देऊ नका, बॉनेटची ताकद तिथेच असते. मी त्यासाठी दोन्ही कॅच ठरवल्यापेक्षा थोडे बाहेर सरकवले.

कापायचा नमुनाही कागदावरच छापलेला. मी तो कापून प्रत्यक्ष कॅचवर ठेवला तर भोक दोन मिलिमीटर मोठं निघत होतं. दोन मिलिमीटर म्हणजे बाहेरची पातळ कड जेमतेम झाकेल इतकं. तेव्हा नमुना बाजूला ठेवला, मास्किंग टेपचे दोन थर लावले आणि कॅचच उलटा ठेवून पेन्सिलने रेघ मारली.

आता मुद्द्याचं. सगळ्यांना भीती वाटते ती वरचं भोक कापण्याची. माझं म्हणणं, खरं काम पिनचं आहे. पिन सरळ आणि योग्य उंचीला बसली तर भोक सावकाश कानसता येतं. पिन चुकली तर कितीही सुबक भोक पाडा, खटका बसणार नाही.

पिन कुठे लागते ते बघायला मी तिच्या टोकाला जुनी लिपस्टिक लावली आणि बॉनेट हळूच टेकवलं. छान लाल ठिपका उमटला. ड्रिल हातात घेतलं तेवढ्यात भाची म्हणाली, "आत्या, थांब. पिन एवढी उंच आहे की बॉनेट पूर्ण बंदच झालेलं नाहीये." तिचं बरोबर होतं. बॉनेट सरळ खाली येत नाही, बिजागरीभोवती कमानीत फिरतं. अर्धवट उघडं असताना उमटलेली खूण बंद झाल्यावरच्या जागेशी जुळत नाही. पिन खाली केली, इतकी की बॉनेट नीट बंद झाल्यावर टोक जेमतेम लागेल, आणि पुन्हा ठिपका घेतला. चार मिलिमीटरचा फरक! पहिल्या ठिपक्यावर भोक पाडलं असतं तर आज हा रिव्ह्यू वेगळ्या सुरात असता.

तरीही रविवार वाया घालवलाच. पिन पट्टीच्या वर एक आणि खाली एक अशा दोन नटांनी धरलेली असते. पाना मारून वरचा नट आवळताना पिनही सोबत फिरली, तिचं भोक तिरकं झालं आणि कॅचमधली कांडी आत जाईना. मला वाटलं कॅच खराब निघाला. तळव्याने खटका दाबून दाबून हात लाल केला, वस्तू परत पाठवायची तयारीसुद्धा झाली. उपाय दोन मिनिटांचा होता: पिनच्या भोकात खिळा घालून ती कॅचच्या रोखाने धरायची, मग दोन्ही नट आवळायचे. हे कागदावर एका ओळीत लिहिता आलं असतं.

पिनचा खालचा आट्यांचा भाग रेडिएटरला टेकत नाही ना, ते आधी बोट घालून बघा. माझ्याकडे टेकत होता. हॅकसॉने कापला, पण कापण्याआधी नट वर चढवून ठेवला होता. कापल्यावर तो बाहेर काढला की चेपलेले आटे आपोआप साफ होतात.

बाकी पटापट सांगते. इंजिनवर जुनी चादर पसरा, लोखंडाचा कीस कुठेही जातो. पोकळीत पडलेला कीस लोहचुंबकाने काढा, तो तिथेच राहिला तर गंजून रंगावर डाग उमटतो. कापलेल्या कडा कानसून प्राइमरचे दोन हात द्या, कॅच त्यानंतर. बॉनेट ॲल्युमिनियमचं असेल तर स्टीलच्या स्क्रूखाली नायलॉनचे वॉशर हवेत, नाहीतर ओल लागून ॲल्युमिनियम खाल्लं जातं. आणि धडकेच्या वेळी पादचाऱ्यासाठी आपोआप वर उचललं जाणारं बॉनेट असेल तर या फंदात पडूच नका.

मूळ कुलूप मी काढलेलं नाही, काढणारही नाही. त्याची दुसरी सुरक्षेची कडी तिथेच असते, आणि बऱ्याच गाड्यांत अलार्मचा स्विचही.

तक्रारी दोन. खालचं फोमचं गॅस्केट फारच पातळ आहे. गाडी धुतली की डाव्या कॅचमधून पाणी ठिबकतं. माझ्याकडे ते मोकळ्या जागेत पडतं म्हणून निभावलं, पण खाली फ्यूज बॉक्स असेल तर जागा ठरवतानाच विचार करा. आणि कुलपाच्या भोकाला धुळीचं झाकण नाही. तिसऱ्या महिन्यात किल्ली अडकायला लागली, ग्रॅफाइटची पूड घातल्यावर सुटली.

थरथर थांबली का? कॅच लावल्याच्या दिवशी निम्मीच थांबली होती. पुढच्या कोपऱ्यांतले रबराचे बफर वर्षानुवर्षं दबून खाली गेले होते, त्यामुळे बंद बॉनेटला खालून टेकूच नव्हता. दोन्ही बफर एकेक फेरा वर फिरवले तेव्हा ती पूर्ण गेली. त्यामुळे प्रामाणिकपणे सांगते, घेण्याआधी बफर फिरवून बघा आणि मूळ कुलूप साफ करून त्याला ग्रीस द्या. एवढ्यानेच काम झालं तर ड्रिल बाहेर काढायची गरज नाही. माझं कुलूप त्यापलीकडे गेलेलं होतं, म्हणून मला कॅच घेतल्याचा पश्चात्ताप नाही. वस्तूला पाचपैकी चार, कागदाला शून्य.