काकांच्या जुन्या रॅलेचे ब्रेक बदलले: टेक्ट्रो R559, नवे ब्रेक रबर, अ‍ॅल्युमिनियम रिम, कशाने खरा फरक पडला

आधी सायकलबद्दल सांगतो. माझ्या काकांनी 70 च्या दशकात इंग्लंडहून येताना आणलेली रॅले आहे, नॉटिंगहॅमची, आपल्याकडे आसनसोलला बनायची ती सेन-रॅले नाही. ड्रॉप हँडल (खाली वळलेलं), 27 इंची चाकं, क्रोमवाल्या लोखंडी रिम, मागेपुढे वाइनमान कंपनीचे सेंटरपुल ब्रेक, म्हणजे वायर दोन्ही हात मधून वर ओढते असे. काका तिच्यावर इंदूरहून महेश्वरला जाऊन आलेत, दोनदा. आता त्यांच्या गुडघ्यांनी नाही म्हटलं म्हणून मागच्या वर्षी सायकल माझ्याकडे आली, लोकमान्य नगरच्या त्यांच्या घरातून माझ्या घरी, हँडलला अजून जुनी कापडी टेप होती.

चालायला सायकल अशी की काय सांगू, लांब व्हीलबेस (दोन चाकांतलं अंतर), खड्डा लागला तरी हाताला टोचत नाही. पण ब्रेक! कोरड्या रस्त्यावर कसेबसे, आणि पावसात नाहीतच. जुलैत भंवरकुआंच्या चौकात सिग्नल लाल झाला, मी दोन्ही लिव्हर हँडलला टेकेपर्यंत दाबले आणि सायकल आपली सरळ चाललीच आहे. समोरची ई-रिक्षा वळली म्हणून वाचलो. घरी येऊन बराच वेळ तसाच बसून होतो. त्या दिवशी ठरवलं की ब्रेक नीट झाल्याशिवाय ही सायकल बाहेर काढायची नाही.

आणि पहिलीच चूक केली ती म्हणजे सरळ नवा कॅलिपर, म्हणजे रिमला दोन्हीकडून दाबणारा ब्रेकचा भाग, विकत घेतला. दुकानदाराचं नाव घेत नाही, पण तो म्हणाला "सब रोड साइकिल में लगता है" आणि मी घेतला. तो होता आजच्या रेसिंग सायकलींसाठीचा, 39 ते 49 मिमी रीचचा. रीच म्हणजे ब्रेकच्या मधल्या बोल्टपासून रिमच्या घासपट्टीच्या मध्यापर्यंतचं अंतर. माझ्या सायकलला पुढे हे अंतर 57 भरलं, मागे 64. रबर खाचेत अगदी तळाशी सरकवूनही रिमच्या वर, टायरच्या कुशीला घासत होतं, आणि असं चालवलं तर टायर कापला जाऊन फुटतोच. दुकानदाराने परत घेतला नाही. तर मंडळी, जुन्या सायकलला ब्रेक घ्यायच्या आधी पट्टी घेऊन मोजा, पाच मिनिटांचं काम आहे, मी ते नंतर केलं.

मग शांतपणे एकेक गोष्ट करायची ठरवलं, आणि प्रत्येक टप्प्यावर मोजायचं ठरवलं, कारण नुसतं "छान वाटतंय" याला काही अर्थ नसतो. पहाटे सुपर कॉरिडॉरला सर्व्हिस रोडवर जायचं, खडूने रेघ मारायची, 25 च्या स्पीडने यायचं, रेघेवर ब्रेक दाबायचा आणि कुठे थांबलो ते टेपने मोजायचं. तीन वेळा कोरडं, तीन वेळा दोन्ही रिमवर बाटलीने पाणी ओतून. सगळं जुनं असताना कोरड्यात सरासरी 11 मीटर आणि ओल्यात 26. सव्वीस मीटर! ओल्यात पहिली काही चक्रं तर रबर रिमवरून नुसतं घसरायचं.

पहिला टप्पा ब्रेक रबर आणि वायर. जुनी रबरं दगडासारखी झाली होती, नखाने दाबली तर खूण उठत नव्हती. कूल-स्टॉपची सॅमन रंगाची घेतली, तांबूस-गुलाबी दिसतात, ओल्या रस्त्यासाठी याच कंपाउंडचं नाव घेतात. आपल्या माळव्यातली काळी माती पावसात रिमवर चिकटते, त्यातली बारीक रेव रबरात रुतते आणि मग रिमच खरवडते, या रबरात ते खूपच कमी होतं, दोन महिन्यांनी काढून बघितली तर फक्त एक-दोन कण होते, ते सुईने काढले. स्वस्त नाहीत, चार रबरांना माझे दोन हजारांच्या वर गेले, पण मला विचाराल तर एवढं एक तरी कराच.

वायरची गंमत वेगळीच. ड्रॉप हँडलच्या लिव्हरला वायरचं डोकं छोटं, पेरूच्या आकाराचं लागतं, आणि आपल्याकडे बहुतेक दुकानांत एमटीबीची, गोल ढोलकीसारख्या डोक्याची मिळते. एकाने कानशीने घासून बसवून देतो म्हटलं, मी नको म्हटलं, तुम्हीही नकोच म्हणा, ते डोकं तुटलं तर ब्रेक गेलाच. शेवटी दोन्ही बाजूंना वेगवेगळी डोकी असलेली वायर मिळाली, नको ते डोकं कापून टाकायचं. कव्हर आतून प्लॅस्टिक अस्तर असलेलं घेतलं. जुनं कव्हर काढलं तर आतून गंज भुकटीसारखा सांडला, म्हणजे मी इतके दिवस लिव्हर दाबत होतो त्यातली निम्मी ताकद त्या गंजातच जात होती.

याच वेळी लिव्हरच्या खाली जे एक्स्ट्रा आडवे लिव्हर असतात ना, वरून हँडल धरून ब्रेक लावायला, ते काढून टाकले. दिसायला सोयीचे पण वाकतात, आणि ब्रेक पूर्ण लागायच्या आधीच हँडलला टेकतात. त्यांची लांब पिन काढून छोटी पिन घालावी लागते, ती एका जुन्या लिव्हरमधून मिळाली. या टप्प्यानंतर कोरड्यात 8 मीटर, ओल्यात 19. कोरड्यात एकदम मस्त, पण ओल्यात अजूनही भीती वाटावी असंच.

दुसरा टप्पा रिम. इथे मला सियागंजच्या मागच्या गल्लीतल्या एका चाचांबद्दल लिहायचंच आहे. छोटीशी टपरी, बाहेर चाक सरळ करायचा लाकडी ट्रूइंग स्टँड, सत्तरीचे असतील. मी ब्रेकची सगळी कहाणी सांगितली तर त्यांनी रिमवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "भिया, लोहे की रिम पे पानी पड़ा तो ब्रेक नहीं, सिर्फ आवाज़ है." आणि हे शंभर टक्के खरं आहे, क्रोमचा गुळगुळीत पृष्ठभाग ओला झाला की रबराला धरायला काही राहतच नाही, अ‍ॅल्युमिनियमवर रबर पाणी पुसून धरतं.

जुनेच हब (चाकाचा मधला भाग, ज्यात स्पोक अडकतात) ठेवून नवी अ‍ॅल्युमिनियम रिम घालायची ठरलं. माझ्या हबला दोन्हीकडे 36 भोकं, नशीब चांगलं, कारण जुन्या इंग्लिश सायकलींना बरेचदा पुढे 32 आणि मागे 40 असायची आणि 40 भोकांची रिम शोधत फिरावं लागलं असतं. 27 इंचीची रिम घेण्यात अर्थ नव्हता, टायर सहज मिळत नाहीत, म्हणून 700C, आजच्या रोड सायकलींचं माप. आकडे सांगतो, 27 इंचीला टायर जिथे बसतो तो व्यास 630 मिमी, 700C चा 622, म्हणजे व्यासात आठचा फरक, आणि ब्रेकपाशी रिम चार मिमी खाली जाते. स्पोकही तेवढे छोटे लागतात, चाचांनी जुना स्पोक काढून मोजला, मग बहात्तर नवे स्पोक कापून आटे पाडले. दोन दिवस लागले, मजुरी सहाशे घेतली, मी आठशे दिले. चाकं इतकी सरळ की रबर रिमपासून दीड मिमीवर ठेवलं तरी कुठेच घासत नाही. चाचांच्या कामाला माझ्याकडून पैकीच्या पैकी. घाई करायला सांगू नका, तेवढंच, आणि दुपारी दोन ते चार नसतात.

रिम झाल्यावर मोजलं तर कोरड्यात 6 मीटर आणि ओल्यात 9! एकोणीसचे नऊ. मी रेघेपाशी परत चालत जाऊन पुन्हा टेप लावली, खोटं वाटलं म्हणून. आणि कॅलिपर तेच जुने होते बरं का, काकांचे.

मग तिसरा टप्पा कशाला? तर रीचमुळे. पुढचा वाइनमान 610 आहे, म्हणजे 61 मिमीपर्यंत जातो, आणि 700C घातल्यावर पुढे मला बरोबर 61 लागत होते. रबराचा बोल्ट खाचेच्या अगदी टोकाला, अर्धा मिमीही इकडेतिकडे करायला जागा नाही. घाटात उतरताना मला असा ब्रेक नको होता. मागे मात्र 750 आहे, 75 पर्यंत जातो, तिथे 68 हवेत, काहीच प्रश्न नाही. म्हणून फक्त पुढे टेक्ट्रो R559 लावला, ड्युअल पिव्हट, म्हणजे दोन्ही हात वेगवेगळ्या खिळ्यांवर फिरणारा, रीच 55 ते 73. एक गोष्ट नीट बघून घ्या, हा दोन प्रकारच्या बोल्टमध्ये येतो. आजच्या सायकलींना आत शिरणारा एलन कीचा नट असतो, जुन्या चिमट्याला (पुढच्या फोर्कला) ते भोक नसतं आणि मागच्या बाजूने 8 मिमीचं ड्रिल मारावं लागतं. काकांच्या सायकलीला ड्रिल लावणं मला जमणार नव्हतं, आणि गरजही नाही, लांब बोल्ट आणि साधा नटवाला प्रकार मिळतो. तो मिळवायला महिनाभर थांबलो.

बसवताना एक अडचण आली ती सांगून ठेवतो. सेंटरपुलला हेडसेटमध्ये, म्हणजे हँडल ज्यावर वळतं त्या बेअरिंगमध्ये, वायर अडकवायची एक पट्टी असते. नव्या ब्रेकला ती लागत नाही म्हणून काढली तर हेडसेट घट्टच होईना, कारण त्या पट्टीच्या जाडीची जागा रिकामी राहिली. तेवढ्याच जाडीचा वायसर घातला आणि झालं. आणि रबर लावताना पुढचं टोक रिमला आधी टेकलं पाहिजे, मागे साधारण एक मिमी फट, नाहीतर किंचाळतं. मी मागच्या टोकाखाली लग्नपत्रिकेचा तुकडा घडी करून ठेवतो, लिव्हर दाबतो, बोल्ट कसतो, तुकडा काढतो. वाइनमानला हे जमवायला हात पान्याने किंचित वाकवावा लागला, टेक्ट्रोला रबराच्या वाटीसारख्या वायसरमुळे आपोआप जमतं.

आता टेक्ट्रोने काय दिलं? आकडे बघाल तर कोरड्यात साडेपाच, ओल्यात 8, म्हणजे फार नाही. पण हाताला जाणवतं ते वेगळं आहे, दोन बोटांत काम होतं. आधी लांब उतारावर मनगट भरून यायचं, आता येत नाही. आणि कॅलिपरवरच क्विक रिलीज आहे, पंक्चर झालं तर जाड टायर न दाबता चाक निघतं. किंमत वसूल आहे का, तर हो, पण ज्यांच्याकडे लोखंडी रिम आहे त्यांनी हा आधी घेऊ नये, पैसे रिमवर घाला, मी जीव तोडून सांगतोय हे. आणि मागचा वाइनमान बदलण्याचं तर काही कारणच नाही, जोरात ब्रेक मारला की सगळा भार पुढे येतो, मागचं चाक तसंही लवकर लॉक होतं, पन्नास वर्षांचा तो कॅलिपर नव्या रबर-वायरवर लोण्यासारखा चालतोय.

खरी परीक्षा जाम गेटला झाली. महूवरून गेलं की पठार संपतं आणि जाम घाट सरळ निमाडात, मंडलेश्वरच्या बाजूला उतरतो, काकांचा महेश्वरचा रस्ता हाच. अहिल्याबाईंनी बांधलेल्या त्या दरवाज्यापाशी चहा घेतला आणि बारीक पाऊस सुरू झाला. पूर्वीचा मी असतो तर तिथूनच परत फिरलो असतो. उतरलो. वळणाच्या आधी पुढचा ब्रेक दोन बोटांनी, थोडा मागचा, सायकल पाहिजे तिथे हळू होत होती. एका वळणावर मधोमध दगड पडलेले होते, तिथे पूर्ण थांबलो, उतरून ते बाजूला केले, परत बसलो.

परवा सायकल काकांकडे घेऊन गेलो होतो. अंगणात उभी केली, त्यांनी चष्मा वर सरकवला, पुढचा लिव्हर दाबून सायकल ढकलून बघितली, मागचं चाक उचललं गेलं. "हं," म्हणाले. मग मागे गेले, वाइनमानवर बोट फिरवलं.

"हा माझाच ठेवलायस ना रे?"

"तुमचाच आहे काका."

मग काकूंना हाक मारून पोहे करायला सांगितले, आणि मी ते काढलेले आडवे लिव्हर आणि पुढचा 610 कापडात गुंडाळून आणले होते ते त्यांच्या कपाटात ठेवून आलो.