'बोर्गन': नव्वदपर्यंत मोजणारी बाई

देवगड तालुक्यातली आमची ग्रामपंचायत नऊ सदस्यांची. सरपंचपद सोडतीत महिलांसाठी राखीव निघालं, पॅनलच्या दोन पुढाऱ्यांचं आपसात बिनसलं आणि खुर्ची आली माझ्याकडे. तोवर बचत गटाच्या वहीपलीकडे मी काही सांभाळलं नव्हतं. म्हणून लेकीने नेटफ्लिक्सवर ही डॅनिश मालिका लावून दिली तेव्हा पहिल्याच भागात मी सावरून बसले.

बिरगिट न्यूबोर ही मधल्या विचारांच्या एका लहान पक्षाची पुढारी. पंतप्रधानाने लंडनमध्ये बायकोच्या खरेदीचं बिल सरकारी कार्डावर भागवलेलं असतं. ती पावती हिच्या प्रसिद्धी सल्लागाराला सापडते. ही वापरायला नकार देते, तर तो ती मजूर पक्षाच्या नेत्याला नेऊन देतो. तो नेता टीव्हीवरच्या चर्चेत ती बाहेर काढतो आणि पंतप्रधानाबरोबर स्वतःही लोकांच्या मनातून उतरतो. दोघांच्या भांडणात ही वर, थेट पंतप्रधानपदाच्या दारात.

पण खरी मजा दुसऱ्या भागात. त्याचं नावच 'नव्वदपर्यंत मोज'. त्यांच्या संसदेत १७९ जागा, म्हणजे बहुमताला ९०. कोणाला कुठलं खातं, कोण कोणाच्या शेजारी बसणार नाही, काल गोड बोललेला आज फोन का उचलत नाही, हे सगळं त्यात आहे. आम्हाला पाचपर्यंतच मोजायचं होतं. पाचवा सदस्य रात्री अकराला बॅटरी घेऊन पाखाडी चढून आला. आधी त्याच्या वाडीचा साकव, मगच हात वर! आणि निवड झाल्यावर एक जाणते गृहस्थ मला म्हणाले, "बाये, तुका फक्त सही करूची आसा, बाकीचा आमी बगतव." बिरगिटलाही सगळे हेच सांगतात, फक्त कोट घालून.

बेंट हा तिचा वडीलधारा सल्लागार. पुढे त्यालाच ती मंत्रिमंडळातून काढते. तो प्रसंग मी दोनदा पाहिला. तिच्या नवऱ्याची गोष्टही चांगली लिहिलीय. तो वाईट नाही, थकलेला आहे. आमचे हे बांगडे साफ करता करता म्हणाले, "तेचा काय चुकला?" मी उत्तर दिलं नाही.

ही मालिका सुरू झाली २०१० मध्ये आणि डेन्मार्कला खरीखुरी पहिली महिला पंतप्रधान, हेले थोर्निंग-श्मिट, मिळाली २०११ मध्ये.

खटकलं ते दुसऱ्या पर्वात. आफ्रिकेतल्या एका काल्पनिक देशातलं युद्ध ही बाई दोन भागांत मिटवते. आमच्या दोन वाड्यांमधला पाणंदीचा वाद माझ्या पाच वर्षांत मिटला नाही. पत्रकार पोरीची प्रेमप्रकरणं मी पुढे ढकलत पाहिली. २०२२ चं पर्व ग्रीनलंडच्या तेलावर आहे. तिथे ती परराष्ट्रमंत्री असते आणि तिचा हेका पाहून मलाच तिचा राग आला.

पावसात रेंज जाते, म्हणून भाग आधी डाउनलोड करून ठेवा. मी इंग्रजी सबटायटल वाचत पाहिली, थोडं अडखळत. निदान पहिलं पर्व तरी बघाच. आणि घरात कोणी सदस्य निवडून आलं असेल, तर दुसरा भाग त्याच्या पहिल्या मासिक सभेच्या आदल्या रात्री लावा.