पवईत नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचे एम.टेक.: टीए की आरए?

मुंबईच्या आयआयटीत विद्युत अभियांत्रिकीचे एम.टेक. करायचे निश्चित झाले, तरी दोन वर्षांचे टीए, म्हणजे अध्यापन साहाय्यकपद, घ्यावे की तीन वर्षांचे आरए, म्हणजे संशोधन साहाय्यकपद, हा प्रश्न उरतोच. टीएची निवड मुख्यतः गेट या प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर होते, तर आरएसाठी लेखी चाचणी किंवा मुलाखत द्यावी लागते. टीएला आठवड्याला सुमारे 8 तास प्रात्यक्षिके घेणे, उत्तरपत्रिका तपासणे अशी कामे असतात. आरएकडे प्रयोगशाळेची जबाबदारी येते आणि त्यात बराच अधिक वेळ जातो.

चिप डिझाइन करणाऱ्याने फार विचार करू नये. त्याचे काम संगणकावर होते, नोकऱ्याही त्याच बाजूला अधिक आहेत. टीए घ्यावे आणि वर्ष वाचवावे.

ट्रान्झिस्टर स्वतः घडवू पाहणाऱ्याचे गणित मात्र वेगळे आहे. केंद्र सरकारच्या अर्थसाहाय्याने 2006 साली पवईत आणि बंगळूरच्या आयआयएससीत, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेत, नॅनोइलेक्ट्रॉनिक्स केंद्रांचा प्रकल्प सुरू झाला, त्यामुळे क्लीनरूम, म्हणजे चिप घडवण्याची धूळमुक्त प्रयोगशाळा, हाताशी आहे. पण ती वेळ मागते. वेफर, म्हणजे सिलिकॉनची पातळ चकती, आधी अमोनिया, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पाणी यांच्या 75 ते 80 अंश सेल्सिअस तापलेल्या मिश्रणात धुवायची, मग सौम्य हायड्रोफ्लोरिक आम्लात बुडवायची, तेही टेफ्लॉनच्या भांड्यात, कारण हे आम्ल काच खाते. पुढे पिवळ्या उजेडात लिथोग्राफी, म्हणजे प्रकाशाने वेफरवर नक्षी उमटवणे. निळा किंवा अतिनील प्रकाश नको तेव्हा लागला की वेफरवरचा प्रकाशसंवेदी लेप, म्हणजे फोटोरेझिस्ट, वाया जातो. एक थर चुकला की नवा वेफर घेऊन मुळापासून सुरुवात, आणि एखाद्या यंत्राचा पंप बिघडला तर आठवडेच्या आठवडे खोळंबा. टीएच्या प्रबंधाला एवढी चैन परवडत नाही. यंत्र सांभाळणारा आरए मात्र त्याची दुखणी ओळखून असतो, आणि पीएच.डी.कडे वळायचे असेल तर हा हातखंडा तिसऱ्या वर्षाची किंमत भरून काढतो, असे माझे मत आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये मंत्रिमंडळाने धोलेरातील टाटांच्या फॅबला, म्हणजे चिप घडवणाऱ्या कारखान्याला, मंजुरी दिल्यापासून प्रक्रिया अभियंत्याला देशातच काम मिळण्याची आशाही वाढली आहे. (साणंदचा मायक्रॉनचा प्रकल्प जोडणी व चाचणीचा आहे, तिथे वेफर घडत नाहीत.)

आरए स्वीकारण्यापूर्वी वाट्याला कोणती प्रयोगशाळा येणार, हे मुलाखतीतच विचारून घ्यावे. ती संगणकांची निघाली, तर तीन वर्षे देऊनही क्लीनरूमचा सराव होईलच असे नाही.