बंद घराच्या छपरासाठी जुनी मंगलोरी कौलं: घ्यावीत, पण ठसा बघून

शहरातला फ्लॅट काढून टाकून गणपती, शिमगा आणि मे महिना गावच्या घरात काढायचा, असं ठरवणाऱ्यांपुढे पहिला प्रश्न छपराचा येतो. दहा-पंधरा वर्षं बंद असलेलं कोकणातलं जांभ्याचं घर बाहेरून कितीही भक्कम दिसो, पाणी वरूनच शिरतं. ते एकदा भिंतीत मुरलं की आतलं रंगकाम, वायरिंग, काहीच टिकत नाही. अशा घरांसाठी पाडलेल्या वाड्यांची आणि गोदामांची जुनी मंगलोरी कौलं विकत मिळतात. माझं मत आधीच सांगतो: पाचात चार तारे. माल उत्तम आहे. एक तारा कापला तो विकणारे सगळा माल एकत्र मिसळून देतात म्हणून.

चांगलं जुनं कौल पन्नास-साठ पावसाळे खाऊनही खणखणीत असतं. बोटाच्या पेरानं वाजवा. भद्द आवाज आला तर आत चीर आहे, बाजूला ठेवा. मग ढिगातली पाच-सहा कौलं उचलून कोरडी वजन करा, चोवीस तास पाण्यात बुडवा आणि पुसून पुन्हा तोला. अडीच किलोच्या कौलाचं वजन साडेचारशे ग्रॅमच्या वर वाढलं तर ते फार पाणी पितं आणि जोराच्या पावसात खालून घाम सोडणार. मागच्या बाजूचं नाक, म्हणजे रिपेवर (वाशांवर आडव्या ठोकलेल्या पट्टीवर) अडकणारा उंचवटा, तुटलेलं असेल तर कौल फुकट दिलं तरी घेऊ नका. ते सरकतं आणि वरच्या ओळीला घेऊन खाली येतं.

आता खरी अडचण. कौलाच्या पाठीवर कारखान्याचा ठसा असतो. लांबून सगळी सारखी दिसतात, पण प्रत्येक कारखान्याच्या साच्यात, शेजारचं कौल जिच्यात बसतं त्या खाचेची खोली आणि रुंदी थोडी वेगळी. दोन ठशांची कौलं शेजारी बसवा आणि सांध्यात करंगळीचं नख घालून बघा: एका बाजूला घट्ट, दुसऱ्या बाजूला फट. सरळ पावसात ही फट काही करत नाही, वाऱ्याचा पाऊस मात्र तिच्यातूनच आत येतो. म्हणून माल उतरवून घेतानाच ठशाप्रमाणे ढीग लावा आणि एका पाखीवर, म्हणजे छपराच्या एका उतारावर, एकच ठसा चढवा. दोन ठसे वापरावेच लागले तर एक पुढच्या पाखीला, दुसरा मागच्या. ठशावर १८६५ दिसलं की काही विक्रेते ‘दीडशे वर्षांचं कौल’ म्हणून भाव चढवतात. ते बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनचा मंगळुरातला कौलांचा कारखाना सुरू झाल्याचं साल आहे, कौल भाजल्याचं नाही.

हिशेब पाखीच्या उतारावर करा, जमिनीच्या क्षेत्रफळावर नाही. पागोळ्यांसकट, म्हणजे भिंतीबाहेर आलेल्या छपरासकट, ६०० चौरस फूट घर असेल आणि उतार तीस अंशांचा, तर छप्पर साधारण ६९० चौरस फूट भरतं. दर चौरस मीटरला १५ कौलं धरली तर ९६० लागतात, फुटीसाठी दहा टक्के धरून १,०६०. छपरावरची जुनी पुन्हा वापरणार असाल तर ती उतरवताना शंभरातली दहा-पंधरा हमखास फुटतात, तीही वजा करा. हजार कौलं म्हणजे अडीच टन, तेव्हा छोट्या टेम्पोच्या दोन-तीन खेपा धराव्यात. टेम्पोत उभी रचून घ्या. आडवी रचली की खालच्या थरातली नाकं जातात.

कौलं चढण्याआधी लाकूड. वाशांची पागोळीकडची टोकं आणि भिंतीत गेलेला भाग पेचकसानं टोचून बघा. पेचकस सहज आत गेला तर तो वासा बदलायचाच, वरून रंग मारून चालत नाही. वाळवीसाठी भिंत आणि जमीन मिळते तिथे फुटाफुटावर १२ मिलिमीटरची भोकं पाडून प्रत्येकात एक लिटर औषध सोडतात. क्लोरपायरीफॉस २० टक्केवालं असेल तर एक लिटरला १९ लिटर पाणी. रिपा जुन्या खुणांवर ठोकू नका. निवडलेल्या ठशाची बारा कौलं जमिनीवर उलटी मांडा, एकदा पूर्ण ताणून आणि एकदा पूर्ण दाबून मोजा, आणि मधलं माप धरा. ते एका ओळीमागे, म्हणजे दोन रिपांमध्ये, साडेबारा इंचांच्या आसपास येतं, पण अर्ध्या इंचाचा फरक वीस ओळींत दहा इंच होतो. पागोळीची पहिली रीप कौलाच्या जाडीइतकी उंच हवी, नाहीतर खालची ओळ पुढे झुकते.

पत्र्याचा मोह होतो, कारण काम चार दिवसांत उरकतं आणि वानरांनी कौलं फोडण्याचा त्रास नसतो. तो त्रास खरा आहे, ज्या गावात टोळी रोज येते तिथे पत्राच घालावा. पण मे महिन्याच्या दुपारी पत्र्याखाली बसवत नाही आणि खाऱ्या वाऱ्यानं स्क्रूची भोकं आधी गंजतात. सगळं घर उभं करायच्या फंदात न पडता माजघर आणि स्वयंपाकघर कौलाखाली घ्यावं, पडवीला पत्रा पुरतो.

मुदत ७ जून धरू नका. वळीव मे महिन्यात येतो, आणि २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ १६ मेच्या सुमारास कोकण किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा उघडी छपरं तशीच भिजली. आढ्यावरची शेवटची कौलं १० मेपर्यंत बसलेली हवीत. ती ज्यात बसवतात तो चुना-सिमेंट-वाळूचा १:१:६ माल सात दिवस पाणी मागतो. कोरड्या कौलावर टाकला तर कौलच पाणी ओढून घेतं आणि माल भुरभुरतो. एप्रिलमध्ये गडी आंब्यावर असतात, तेव्हा सुताराला जानेवारीतच सांगून ठेवावं आणि कौलं फेब्रुवारीत अंगणात हवीत. पागोळीच्या दोन ओळी तारेनं रिपेला बांधा, त्यासाठी कौलाच्या पाठीला भोक असतं.

प्रत्येक ठशाची तीस-चाळीस कौलं पडवीत राखून ठेवा. पहिल्या वळवात टॉर्च घेऊन आतून बघा. ओल दिसेल तिथे वाशावर खडूनं खूण करा आणि गळका सांधा तिच्या वर, आढ्याच्या दिशेनं शोधा, कारण पाणी वाशावरून घरंगळत खाली आल्यावरच ठिबकतं. कौल आतूनच उचलून बदलता येतं, छपरावर चढायची गरज पडत नाही.